ऐकू न येणाऱ्याशी बोलताना

 

ओझरच्या रस्त्यावर उभे राहिलात तर एक गोष्ट हमखास दिसते. डोक्यावरून विमान घरघरत जाते आणि साऱ्यांच्या माना वर होतात. १९६४ साली इथे मिग विमानांचा कारखाना आला, तेव्हापासून हा आवाज अंगवळणी पडला. तरी मान वर जायची ती जातेच. आता समजा, त्या गर्दीत एका माणसाला तो आवाज आलाच नाही. तोही वर पाहतो. पण विमान ऐकून नव्हे, तर तुमच्या माना वर झालेल्या पाहून. ज्याला ऐकू येत नाही तो असा डोळ्यांनी ऐकत असतो. एवढे ध्यानात ठेवले, तर त्याच्याशी बोलायची निम्मी रीत आपल्याला कळली.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात ऐकू न येणारी सुमारे ५० लाख माणसे नोंदली गेली. म्हणजे हा प्रश्न दूरचा नाही. आपल्या आळीतलाच आहे.

पहिली चूक होते ती नावात. अशा माणसाला त्याच्या नावाने ओळखणारे थोडे. ‘बहिऱ्या’, ‘मुका’ हेच त्याचे नाव होऊन बसते. त्याला कुठे ऐकू येतंय, असं आपण म्हणतो. पण आपले ओठ आणि आपलं हसणं त्याला स्पष्ट दिसतं. शिवाय ‘मुका’ हे खरंही नाही, बरं का. बहुतेकांचा कंठ शाबूत असतो. जन्मापासून शब्द कानी पडले नाहीत, म्हणून ते तोंडी आले नाहीत, इतकंच. त्याचं नाव विचारून घ्या आणि त्याच नावाने त्याची ओळख करून द्या.

मग त्याला हाक कशी मारायची? समोर येऊन हात हलवा, किंवा खांद्याला हलकेच स्पर्श करा. घरात असाल तर दिवा एकदा बंद-चालू करा. मागून खडा मारणं, सदरा ओढणं, पाठीत थाप घालणं नको. तुम्हाला कोणी तसं केलं तर चालेल का?

आता कोणी म्हणेल, ‘त्याला ओठ वाचता येतात, मग अडलं कुठे?’ एक करून पाहा. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा : बाळ, माळ, भाळ, पाळ. चारही वेळा ओठ सारखेच मिटतात! क, ख, ग ही अक्षरे तर आत घशाशीच होतात. ती ओठांवर दिसतच नाहीत. तेव्हा ओठ वाचणे म्हणजे निम्मे पाहणे आणि निम्मे ताडणे. ते काम आपण सोपे करावे. उजेड आपल्या तोंडावर असू द्यावा, पाठीमागे नको. तोंडात पान-तंबाखू नको, तोंडापुढे हात नको. नेहमीच्या चालीने, पुरे वाक्य बोलावे. ओरडू नये, ओरडण्याने ओठ वेडेवाकडे होतात, आणि कानाला यंत्र असेल तर त्रासच होतो. एकदा कळले नाही तर तेच दहादा न घोकता शब्द बदलावेत. ‘उद्या खुडणी आहे’ हे कळलं नाही, तर ‘उद्या द्राक्षं काढायची, सकाळी ये’ असं म्हणावं.

याला नुसती शिष्टाचाराची बाब समजू नका. बागेत मालकाने पाठमोरे राहून सांगितले, ‘इकडच्या ओळींत फवारणी झालीय, शिरू नका.’ नऊ जणींनी ऐकले, दहावी मावशी ओळीत शिरली. यात तिची काय चूक? औषधाचे प्रमाण, मजुरीचा आकडा, गोळ्यांच्या वेळा या गोष्टी लिहून द्याव्यात. वाचता येत नसेल तर वस्तू दाखवा, बोटांनी मोजा. आणि तिने मान डोलावली म्हणजे कळले, असे धरून चालू नका. काय कळले ते तिलाच दाखवायला सांगा.

दवाखान्यात, कचेरीत आणखी एक गोष्ट घडते. माणूस समोर बसलेला असतो, आणि विचारणारा सोबतच्या भावाला विचारतो, ‘याला काय होतंय?’ भाऊ खुणांनी सांगेल हे खरे. पण तुम्ही पाहावे रुग्णाकडे आणि विचारावे, ‘तुम्हाला काय होतंय?’

आणि सर्वांत बोचणारे शब्द कोणते ठाऊक आहे? ‘काही नाही, जाऊ दे.’ चार माणसे हसतात, तो विचारतो काय झाले, आणि आपण हात झटकतो. घरातली आजी म्हातारपणी ऐकेनाशी झाली की तिलाही हेच उत्तर मिळते. मग ती विचारायचेच सोडून देते. घर भरलेले असते आणि आजी एकटी असते. तो विनोद पुन्हा सांगायला कितीसा वेळ लागतो?

गुरुजींसाठी थोडे वेगळे. फळ्याकडे तोंड करून बोललेले त्या मुलापर्यंत पोहोचत नाही. आधी लिहा, मग वळून बोला. त्याला पुढे बसवा. दुसऱ्या मुलाने प्रश्न विचारला तर कोण बोलतो आहे ते बोट करून दाखवा. त्याचे हात खुणांत चालले असतील तर ते धरू नका. १८८० साली इटलीत मिलान येथे शिक्षकांच्या परिषदेने खुणांनी शिकवणे बंद करण्याचा ठराव केला आणि कित्येक पिढ्यांच्या मुलांचे हात बांधले गेले. पुढे २०१० मध्ये व्हँकूव्हरच्या परिषदेने तो ठराव फेटाळला. खुणांची भाषा ही खरी भाषा आहे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. भारतीय खुणांच्या भाषेत प्रश्नाचा शब्द शेवटी येतो : ‘तू जाणे कुठे?’ २०१५ साली दिल्लीत या भाषेचे राष्ट्रीय केंद्र निघाले आणि २०२१ पर्यंत त्याच्या कोशात १०,००० शब्द झाले. तो कोश चित्रफितींचा आहे. मोबाईलवर पाहता येतो.

मंडळी, सगळी भाषा शिका असे मी म्हणत नाही. ‘ये’, ‘बस’, ‘पाणी’, ‘जेवलास का’ एवढ्या खुणा त्याच्याकडूनच शिकून घ्या. शिकवायला त्याला आनंदच होईल. आणि पुढच्या वेळी विमान गेले, की नुसती मान वर करू नका. त्याच्याकडे पाहून आकाशाकडे बोट करा.

रामराम!