पन्नास अधिक चाळीस किती?

बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवरची मारतहळ्ळी आयटी कंपन्यांइतकीच कपड्यांच्या फॅक्टरी आउटलेट्ससाठी ओळखली जाते. अशा दुकानांतली ‘५०% + ४०% सूट’ ही पाटी वाचून मनात लगेच ९०% येतात. तिथेच गणित फसतं. २,००० रुपयांचा शर्ट आधी १,००० वर येतो. पुढचे ४०% त्या हजारावर लागतात. म्हणजे आणखी ४०० सुटतात आणि काउंटरवर ६०० मोजावे लागतात. खरी सूट ७०%. आधी ४०% आणि मग ५०% लावले तरी उत्तर तेच, कारण हा मामला बेरजेचा नसून गुणाकाराचा आहे. सवलतीचे आकडे सोडा, उरलेले भाग गुणा: ०.५ × ०.६ = ०.३.

‘दोनवर एक फुकट’ म्हणजे जेमतेम ३३% सूट, तीही तिन्ही शर्ट हवे असतील तरच. एकच हवा असेल तर साधी २५% सूट केव्हाही बरी.

शिवाय हा सगळा हिशेब एमआरपीपासून सुरू होतो, आणि ती छापतो उत्पादक. म्हणून टक्के बाजूला ठेवा. पाटीच नसती, तर हा शर्ट ६०० रुपयांना घेतला असता का, एवढंच स्वतःला विचारा.