वर्णहीनता आणि रक्तस्राव: एकाच जनुकाचा दोष

कातडीचा रंग आणि रक्त गोठणे यांचा संबंध काय? जन्मजात वर्णहीनतेबरोबर रक्तस्रावाचाही त्रास असलेल्या दोन रुग्णांची नोंद हर्मान्स्की व पुडलाक या चेक डॉक्टरांनी १९५९ मध्ये केली. त्यामागील पहिले जनुक सापडायला मात्र १९९६ साल उजाडले. दहाव्या गुणसूत्रावरील हे 'एचपीएस-१' पेशीतील लायसोसोमच्या कुळातल्या सूक्ष्म पिशव्यांच्या घडणीत भाग घेते. रंगद्रव्याच्या पिशव्या आणि प्लेटलेटमधील सघन कण दोन्ही याच कुळातले. म्हणून दोन्ही एकदम बिघडतात. प्वेर्तो रिकोच्या वायव्य भागात दर १८०० जणांमागे सुमारे एकाला हा आजार आहे. पुढे फुप्फुसेही कठीण होऊ लागतात. वर्णहीन मुलाच्या अंगावर वारंवार काळेनिळे डाग उठत असतील, तर अ‍ॅस्पिरिन टाळावे आणि प्लेटलेटची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून घ्यावी. नुसती संख्या मोजून भागत नाही. ती बहुधा योग्यच भरते.