जस्ताच्या आसनावर शिसे

गोदातीरावरील पुणतांबा हे योगी चांगदेवांच्या समाधीचे क्षेत्र. भोवतालचा परिसर उसाचा. येथील वैद्यांना गूळ आणि आसवारिष्टांचे संधान यांचा परिचय करून देण्याची आवश्यकता नाही. संधानात शर्करेचे मद्यार्कात रूपांतर करतात ती किण्वातील विकरे, म्हणजेच एन्झाइम. परंतु विकर एकट्याने कार्य करू शकते काय?

१९०६ साली हार्डन व यंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी किण्वाचा रस सूक्ष्म गाळणीतून गाळून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भाग पृथक् असता निष्क्रिय ठरले. एकत्र करताच किण्वन पुन्हा सुरू झाले. त्यांतील एक भाग उकळल्यावरही निकामी झाला नाही. विकर हे प्रथिन, ते उष्णतेने बिघडते. उष्णता सोसणारा हा दुसरा भाग म्हणजे त्याचा सहघटक होय.

आपल्या शरीरातही हाच नियम आहे. काही विकरांना ब-जीवनसत्त्वांपासून बनलेले सहघटक लागतात, तर काहींना जस्त, लोह वा ताम्र. आम्हास येथे अनुपानाची आठवण होते. परंतु साम्य वरवरचे आहे. अनुपान औषधासोबत दिले जाते. जस्त मात्र विकराच्या अंगीच आसनस्थ असते.

रक्तातील रंगद्रव्य घडविणाऱ्या मार्गावरील एक विकर अशाच जस्तावर अवलंबून आहे. शरीरात शिसे शिरले की ते जस्तास हटवून त्याचे आसन बळकावते. विकर असूनही कार्य थांबते व पांडुता येते. केवळ लोहकल्पांनी ती हटत नाही.

हा प्रश्न आपल्या व्यवसायाच्या दाराशी आहे. बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. भस्मीकरणाने नागाचे रूप पालटते. मूलद्रव्य शिसेच राहते. भावप्रकाशात यशद पांडुरोगावर सांगितले आहे, म्हणून ते देऊन शिसे निघून जाईल, असेही मानू नये. प्रथम शिशाचा स्रोत बंद झाला पाहिजे.

म्हणून आमची विनंती अशी: पांडुतेसोबत उदरशूळ व मलावरोध असून लोहकल्पांचा गुण येत नसेल, तर रुग्ण कोणती औषधे घेतो हे विचारावे आणि रक्तातील शिसे तपासून घ्यावे. औषधनिर्मात्यांनी प्रत्येक घाणीची शिशासाठी तपासणी करावी. वनस्पतिज औषधांत दहा लक्ष भागांत शिशाचे १० भाग ही मर्यादा आहे. रुग्णाचा विश्वास हाच आपल्या चिकित्सेचा सहघटक. त्याचे आसन रिकामे होऊ देऊ नये.