पेडल घरीच बनवा, पण पाय मोजून!

घरात इलेक्ट्रिक गिटार आली की वर्षभरात पुढची मागणी येतेच : ‘आई, मला पेडल हवं!’ पेडल म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधे जोडायची, पायाने दाबायची डबी. तिच्यातून जाताना साधा स्वर घोगरा होतो, घुमतो किंवा लांबतो. परदेशी पेडलची किंमत ऐकली की वडिलांचा स्वर आपोआपच घोगरा होतो, ते वेगळे!

पण हा घोगरा स्वर, ज्याला ‘फझ’ म्हणतात, घरी काढता येतो. त्याचा जन्मच मुळी बिघाडातून झाला. अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रात दोष निर्माण झाला आणि गिटार गुरगुरू लागली. १९६१ मध्ये आलेले ते गाणे लोकांना आवडले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच आवाज मुद्दाम काढणारी डबी तयार केली, ती १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ नावाने बाजारात आली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिसफॅक्शन’मुळे ती जगभर गाजली.

नवशिक्याने ‘बॅझ फस’पासून सुरुवात करावी. एक ट्रान्झिस्टर, एक डायोड, एक रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि आवाज कमी-जास्त करायचे बटण, एवढाच संसार! सोबत दोन जॅक, पायाने दाबायचा स्विच, पत्र्याची डबी आणि ९ व्होल्टची बॅटरी. डबी पत्र्याचीच हवी; प्लास्टिकच्या डबीत घरातल्या विजेची घरघर शिरते. मुंबईकरांना हे सारे लॅमिंग्टन रोडवर मिळते. झाशीच्या बडा बाजारात राहणाऱ्या हौशी वादकाला मात्र काही भाग टपालाने मागवावे लागतील.

नवशिक्यांची खरी फसगत होते ती ट्रान्झिस्टरच्या पायांत. परदेशी आराखड्यांत बहुधा ‘२एन३९०४’ असतो, आपल्याकडे सहज मिळतो ‘बीसी५४७’. तो चालतो, पण सपाट बाजू आपल्याकडे धरली तर त्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. ‘२एन३९०४’चे नेमके उलट! आराखडा पाहून तसाच बसवला तर पेडल मुके राहते किंवा कुंथत बोलते. मुलाला वाटते, आपल्याला जमतच नाही, आणि सारे सामान माळ्यावर जाते. म्हणून डाग देण्याआधी सारे भाग ब्रेडबोर्डवर खोचून वाजवून पाहावे. चूक सापडली तर पाय फिरवायला एक मिनिट लागते.

डाग देताना खिडकी उघडी असावी. साध्या सोल्डरमध्ये शिसे असते, तेव्हा हात धुतल्याशिवाय खाऊ नये, आणि हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर तर मुळीच नको. ९ व्होल्टच्या बॅटरीचा झटका बसत नाही. अ‍ॅम्प्लिफायर मात्र कधीही उघडू देऊ नका. तो घरच्या विजेवर चालतो आणि प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहू शकते.

गिटारकडच्या बाजूला स्टिरिओ जॅक घ्यावा. बॅटरीची ऋण तार त्याच्या मधल्या पट्टीला जोडली की केबल खोचताच पेडल सुरू होते आणि काढताच बंद. वेगळा स्विच लागत नाही. फक्त रियाझ संपल्यावर केबल काढायची आठवण ठेवावी, नाही तर बॅटरी उगाचच झिजत राहते!