वानेस आणि रेशमी विजार

काचेमागच्या फोटोतला माणूस थेट आपल्याकडे बघतोय. डोक्याच्या मागच्या बाजूला अडकवलेली वेताची चिमुकली टोपी, छातीवर दोन्ही बाजूंनी खांद्यांकडे चढत गेलेलं गोंदण, आणि कमरेला वानेस, म्हणजे मांड्यांमधून घेऊन कमरेभोवती गुंडाळलेली, पुढे पदर सोडलेली हातमागाची पट्टी. त्याच्यासमोर सहावी-सातवीतली पोरं ढकलाढकली करतायत.

"माझ्या आजोबांच्या भावासारखा आहे," एक जण म्हणतो.

"तुझ्यासारखाच आहे. फक्त तो घाबरलेला नाही," दुसरा म्हणतो आणि खोली खिदळते.

त्यांच्या शिक्षिका, मॅम, नुसत्या बघतात. आवाज खाली येतो.

हे बॉन्तोक. फिलिपीन्सच्या लुझॉन बेटाच्या उत्तरेला कॉर्दिलेराच्या डोंगररांगा आहेत, त्यातल्या माउंटन प्रॉव्हिन्सचं मुख्य गाव. पत्र्याची छपरं, चढावर घरघरणाऱ्या जीपनी नावाच्या प्रवासी गाड्या, कडेनं वाहणारी गढूळ चिको नदी. आम्ही आहोत ते संग्रहालय उभं केलं मदर बासिल गेकिएर या बेल्जियन ननबाईंनी. ऑक्टोबर हा फिलिपीन्समध्ये आदिवासींचा महिना मानतात, त्यामुळे आज मुलं गणवेशाऐवजी घरच्या पेहरावात आलीयत. मुलींनी लुफिद नेसलंय, लाल-काळ्या पट्ट्यांचं गुंडाळवस्त्र, वर कमरेला वाकेस, म्हणजे पट्टा, घट्ट आवळलेला. एकीनं केसांत सापाच्या मणक्यांची माळ गुंफलीय. विजेपासून आणि बाळंतपणात ती राखण करते असं मानतात. "आजीची आहे," ती मला न विचारताच सांगते, आणि हात लावू देत नाही.

बॉन्तोक, कांकानाए, इबालोय, इफुगाव, कालिंगा, इस्नेग अशा कितीतरी डोंगरी समाजांना बाहेरच्यांनी एकाच नावात बसवलं: इगोरोत. काहींना ते नाव अभिमानाचं वाटतं, काही इफुगाव आणि कालिंगा ते साफ नाकारतात. मॅमना विचारलं तर त्या खांदे उडवतात. "मनिलात गेले की मी इगोरोत. इथे बॉन्तोक. घरी माझ्या गावाची."

पुढच्या भिंतीवर मुंडकी छाटण्याच्या दिवसांचे फोटो आहेत. मला वाटतं, मॅम इथून मुलांना भराभर पुढे नेतील. त्या तिथेच थांबतात. "आपले लोक मुंडकी आणायचे," सरळ सांगतात, "शत्रूची. ज्यानं आणलं त्याच्या छातीवर हे गोंदण. आणि मग दोन गावं बसून पेचेन करायची. पेचेन कोण सांगेल?" हात वर होतात. पेचेन म्हणजे दोन गावांमधला शांततेचा करार. मुंडकी मागच्या पिढ्यांत राहिली. करार अजून पाळले जातात, मोडले जातात, पुन्हा जेवणावळी घालून सांधले जातात.

आता मॅम पिशवीतून एक कागद काढतात. छापलेले तीन फोटो, शेजारी शेजारी. पहिल्यात एक बॉन्तोक तरुण उघडा, लांब केसांचा. दुसऱ्यात वर्षभरानंतरचा, तिसऱ्यात कॉन्स्टॅब्युलरीच्या, म्हणजे अमेरिकनांच्या पोलीसदलाच्या, कडक गणवेशात, केस कापलेला. 1901 ते 1903. अमेरिकन राजवटीतला अधिकारी डीन वुस्टर यानं हे फोटो आपल्या पुस्तकात छापले: बघा, दोन वर्षांत आम्ही माणूस घडवला. फिलिपीन्सला स्वातंत्र्य द्यायची घाई नको, हा त्याचा युक्तिवाद, आणि हे तीन फोटो त्याचा पुरावा.

"यात काय बदललं?" मॅम विचारतात.

"कपडे," सगळे एका सुरात.

"आणि?"

कुणालाच काही सुचत नाही. मीही कागद नीट बघतो. चेहरा तोच आहे. पण आता ताठ उभं राहायचं त्याला शिकवलंय, हे दिसतं.

मग मॅम सेंट लुइसची गोष्ट सांगायला घेतात. मुलांना ती अर्धी माहीत आहे. ती इथल्या घराघरांत आहे, कारण तिकडे गेलेली माणसं याच गावातली होती. 1904 साली अमेरिकेत सेंट लुइसला जागतिक प्रदर्शन भरलं. सहाच वर्षांपूर्वी स्पेनला दोन कोटी डॉलर देऊन घेतलेला हा देश आपल्या लोकांना दाखवायचा म्हणून तिथे 47 एकरांवर फिलिपीन्स वसवलं, हजाराहून जास्त माणसं नेली. त्यात बॉन्तोकचे, सुयोकच्या खाणीतले आणि तिंगियान लोक होते. गर्दी सगळ्यात जास्त इगोरोत वस्तीपाशी. कुत्रा इथे खास विधींना कापतात. तिथे तो खेळ झाला, पुन्हा पुन्हा.

"रोज?" एक बारका मुलगा विचारतो.

"लोक तिकीट काढून यायचे ना."

"एवढे कुत्रे कुठून आणायचे?" त्याला खरोखरच हा प्रश्न पडलाय.

निवडणुकीचं वर्ष होतं. आपल्या नव्या प्रजेचे उघडे पार्श्वभाग दिसले तर बोभाटा होईल, अशी वॉशिंग्टनला धास्ती पडली. यांना रंगीत रेशमी विजारी घाला, अशी टूम निघाली. मानववंशशास्त्रज्ञ खवळले. विजार घातली की अस्सलपणा गेला! शेवटी विजारी बारगळल्या, वानेस राहिले. वाद दोन पक्षांत झाला आणि दोन्ही पक्षांनी पूर्ण कपडे घातले होते. ज्यांच्या कमरेचा प्रश्न होता त्यांना कुणी विचारलं नाही.

"कुठल्या रंगाच्या?" मागून एक मुलगी.

"कशाच्या?"

"विजारी."

मॅमना हसू आवरत नाही. "भडक रंगाच्या."

पुढच्या वर्षी, 1905 ला, ट्रुमन हंट नावाच्या डॉक्टरनं दुसरी तुकडी नेली आणि न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर, ल्यूना पार्कमध्ये तिचा तंबू मांडला. तो आधी याच भागात अधिकारी होता. त्यानं या लोकांची मजुरी दाबली. 1906 मध्ये त्याच्यावर खटले झाले. मुलांचा एकच सवाल असतो, पैसे परत मिळाले का. मॅम मान हलवतात. ते हलवणं होकाराचं नाही.

याआधी 1887 मध्ये माद्रिदच्या एका प्रदर्शनातही इगोरोतांना मांडून ठेवलं होतं. त्याच प्रदर्शनासाठी रेतिरो बागेत काचेचा महाल बांधला, तो अजून उभा आहे. फिलिपीन्सचा राष्ट्रनायक होसे रिझाल याला तेव्हा युरोपात बसून या मांडणीचा संताप आला होता. त्या महालात 2021 साली कॉर्दिलेरातल्याच बागिओ शहराचे चित्रपटकर्ते किदलात ताहिमिक यांनी आपल्या शिल्पांचा मोठा पसारा मांडला. ते जन्मानं इगोरोत नाहीत, पण चारचौघांत वानेससारखंच वस्त्र कमरेला लावून वावरतात.

आणि घरचे? कार्लोस रोमुलो, जे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले, त्यांनी 1943 च्या पुस्तकात इगोरोत हे फिलिपिनो नाहीतच असं लिहून टाकलं. सखल प्रदेशात इगोरोतांना शेपूट असतं अशी कुजबुज पिढ्यानपिढ्या चालली. हे सांगताना मॅमचा आवाज पहिल्यांदा किंचित चढतो. अमेरिकनांवरचा राग त्यांच्यासाठी इतिहासात जमा झालाय, मनिलावरचा नाही.

आम्ही मागच्या अंगणात येतो. इथे जुन्या घरांचे नमुने बांधलेत: गवती छपराची ठेंगणी घरं, मुलींच्या निजण्याची उलोग, दगडांनी बांधलेला डुकरांचा खड्डा, आणि आतो. आतो म्हणजे गावातल्या पुरुषांची दगडी बैठक, जिथे न्याय होतो, करार होतात आणि निरुद्योगी बसणंही होतं. एक म्हातारे गृहस्थ त्यावर आधीच बसलेत. सगळे त्यांना आदरानं अपो म्हणतात. त्यांच्यापुढे गांग्सांची चळत आहे: थाळीएवढ्या, कडा वळवलेल्या धातूच्या घंटा.

मुलगे रांगेत उभे राहतात. डाव्या हातात गांग्सा, उजव्यात काठी. ठोका पडतो आणि पत्तोंग नाच सुरू होतो. पाय आपटत नाहीत, गुडघ्यांतून किंचित झुकत जमीन चाचपतात. ठोके एकमेकांच्या फटींत पडतात, सगळे एकदम कधीच नाही. वर्तुळ आवळतं, वळतं, उलटं फिरतं. मुली कडेनं हात पसरून येतात, तळवे वर, जणू वाऱ्यावर तोलतायत. मगाशी कुत्र्यांचा हिशेब करणारा पोरगा आता पुढे आहे आणि त्याची काठी चुकत नाही. शेजारून जीपनी जाते, तिच्यातून अमेरिकन कंट्री गाणं ठणाणतंय. कॉर्दिलेरात या गाण्यांचं वेड जबरदस्त आहे. काउबॉय टोप्या घातलेले शेतकरी मी वाटभर पाहिलेत. दोन्ही ताल क्षणभर एकमेकांत अडकतात, मग गांग्सा जिंकते.

नाचता नाचता पदर उडतात आणि दिसतं, प्रत्येक मुलाच्या वानेसखाली काळी सायकलिंग शॉर्ट आहे.

एक आजीबाई माझ्या शेजारी येऊन बसतात. त्या नातीला सोडायला आल्यात. समोरच्या नदीकडे हनुवटी करतात. हुकूमशहा मार्कोसच्या काळात या चिकोवर धरणं बांधायची होती, जागतिक बँकेचा पैसा होता. बॉन्तोक आणि कालिंगा, जे एकमेकांची मुंडकी आणायचे, ते करार करून एकत्र आले. 24 एप्रिल 1980 ला कालिंगांचा म्होरक्या माक्लिइंग दुलाग याला सैनिकांनी घरात गोळ्या घातल्या. धरणं झाली नाहीत. "आणि वर माइनित गावाला," आजीबाई बोट डोंगराकडे करतात, "खाणवाले आले तेव्हा बायका पुढे गेल्या. उघड्या छातीनं. माणसं पळाली." हे सांगताना त्या हसत नाहीत, ओशाळतही नाहीत. सेंट लुइसला तिकीट लावून दाखवलेली उघडी अंगं ती हीच, असं माझ्या मनात येतं. इथे ती बायकांनी आपणहून पुढे केली.

दुपारच्या सुमारास मनिलाहून आलेले चौघं तरुण अंगणात शिरतात. दंडावर ताजे तीन ठिपके. कालिंगातल्या बुस्कालानला जाऊन आलेत. तिथे शंभरी ओलांडलेल्या अपो व्हांग-ओदच्या हातचं गोंदण घ्यायला रांग लागते. 2023 मध्ये व्होगच्या मुखपृष्ठावर झळकल्यापासून तर फारच. त्यांच्यातला एक कॅमेरा सरसावून त्या पुढच्या पोराला विचारतो, खाली घातलेलं काढशील का, फोटो अस्सल येईल.

पोरगा मॅमकडे बघतो. मॅम म्हणतात, "मला काय बघतोस? तुझं अंग आहे."

"नाही," पोरगा म्हणतो. "थंडी आहे." थंडी काही नाही, चांगलं ऊन आहे.

तरुण लाजून माफी मागतो. पण विषय निघालेलाच असतो. आतोवरून अपो बॉन्तोकमध्ये काहीतरी म्हणतात, मॅम तडक उत्तर देतात, आणि दोघांची चांगलीच जुंपते. आजीबाई मला तुकड्यातुकड्यांनी सांगतात. अपोंचं म्हणणं, पोरगा बरोबर आहे, परक्यासाठी काढायचं नाही. पण घरच्या नाचात तरी आत काही घालू नये, वानेस म्हणजे वानेस. मॅमचं म्हणणं, शाळेत मुली आहेत, फोनवाले आहेत, आणि फोटो कुठे जातील याचा नेम नाही. अपो म्हणतात, फोटो तेव्हाही काढलेच ना. मॅम म्हणतात, म्हणूनच.

दोघंही बरोबर वाटतात. मुलांना जेवणाची घाई झालीय. कुठूनतरी एताग, खारवून धुरी दिलेलं डुकराचं मांस, शिजल्याचा वास येतोय.

एकाएकी अपो माझ्याकडे वळतात. इंग्रजीत विचारतात, "इंडिया? तुमचे आजोबा काय नेसायचे?"

"धोतर," मी म्हणतो आणि हातानं निऱ्या करून दाखवतो.

"त्याच्या आत?"

"लंगोट." कसा ते सांगायला शब्द अपुरे पडतात, म्हणून त्यांच्याजवळची जादा पट्टी घेऊन मी जीन्सवरूनच मांड्यांमधून घेतो, कमरेला वळसा घालतो, मागे खोचतो. पोरं ओरडायला लागतात. अपो उठून येतात, माझा पदर चुकीच्या बाजूला सुटलाय म्हणून ओढून नीट करतात आणि मॅमकडे विजयी मुद्रेनं बघतात. "बघा! याच्या आजोबांच्यासुद्धा आत दुसरं काही नव्हतं."

"नातवानं मात्र जीन्स घातलीय," मॅम म्हणतात आणि मुलांना हात धुवायला पिटाळतात.