मॅल्विना : एका कविनिर्मित गेलिक नावाची कुळकथा

एखाद्या व्यक्तिनामाची व्युत्पत्ती निर्दोष असावी आणि त्या नावाची व्यक्ती मात्र त्या भाषेच्या परंपरेत पूर्वी कधी झालेलीच नसावी, असा प्रकार नामशास्त्राच्या अभ्यासकाला क्वचितच आढळतो. ‘मॅल्विना’ हे स्त्रीनाम या प्रकारात मोडते. युरोपातील नामकोशांत त्याची नोंद बहुधा ‘गेलिक’ अशीच होते, आणि ती चुकीची नाही. परंतु स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील जुन्या वीरगीतांत, आयर्लंडच्या हस्तलिखितांत किंवा मध्ययुगीन वंशावळींत या नावाचा शोध घेतल्यास हाती काही लागत नाही. नावाचा जन्म अठराव्या शतकातला आहे, आणि त्याचा जनक एक इंग्रजी लिहिणारा कवी आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. गेलिक भाषेत ‘माला’ म्हणजे भुवई किंवा भालप्रदेश, आणि ‘मीन’ म्हणजे मऊ, नितळ. ‘माला’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, व गेलिकमध्ये स्त्रीलिंगी नामापुढे विशेषण आले की त्याच्या पहिल्या व्यंजनाचे मृदूकरण होते. ‘म’ या व्यंजनाचे मृदूकरण झाले की उच्चार ‘व’सारखा होतो, म्हणून ‘मीन’चे ‘वीन’ होते. संस्कृतातील संधी बहुधा दोन ध्वनींच्या सांध्यावर घडतो. गेलिकमधील हा विकार मात्र व्याकरणाच्या आज्ञेने, शब्दाच्या तोंडाशीच होतो. ‘माला वीन’ म्हणजे नितळ भाळाची. तिला लॅटिन वळणाचा आकारान्त प्रत्यय जोडला की ‘मॅल्विना’ सिद्ध होते. मराठी कानाला येथे कालिदासाची मालविका आठवेल. पण ते नाव मालव देशावरून आलेले, आणि हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. साम्य आहे ते निराळेच. मालविकाही आज घराघरांतून नांदते ती एका नाटकाच्या पुण्याईवर.

हे नाव घडविले जेम्स मॅक्फर्सन याने. १७३६ साली किंगुसीजवळील रुथवेन येथे जन्मलेला हा गेलिकभाषी तरुण नऊ वर्षांचा असताना १७४६ची कलोडनची लढाई झाली, आणि तिच्यानंतर डोंगरी कुळांची सत्ता, शस्त्रे, किंबहुना पोशाखही कायद्याने मोडून काढण्यात आला. पराभूत समाजाची भाषा रानटी ठरविली जात असता तिच्यात होमरच्या तोडीचे महाकाव्य होते असे दाखवून देणे, ही केवळ वाङ्मयीन हौस नव्हती. १७६० मध्ये मॅक्फर्सनने प्राचीन काव्याचे काही तुकडे भाषांतर म्हणून प्रसिद्ध केले. एडिंबरोच्या विद्वानांनी वर्गणी जमवून त्याला डोंगराळ प्रदेशात व बेटांवर संशोधनासाठी पाठविले. आणि १७६१च्या अखेरीस ‘फिंगल’, १७६३ मध्ये ‘टेमोरा’ ही काव्ये बाहेर पडली. तिसऱ्या शतकातील ऑसियन नावाच्या अंध कवीची ही रचना, असा त्याचा दावा होता.

ऑसियन हा मॅक्फर्सनचा शोध नव्हे. आयर्लंडमध्ये तो ओशीन या नावाने प्रसिद्ध आहे. नावाचा अर्थ ‘हरणाचे पाडस’. फिन हा त्याचा पिता व ऑस्कर हा पुत्र. या तिघांभोवती गुंफलेली गीते गेलिक भाषेच्या दोन्ही तीरांवर शतकानुशतके गायिली जात होती, आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कॉटलंडमध्ये तयार झालेल्या ‘लिझ्मोरच्या डीनचा ग्रंथ’ या हस्तलिखितात त्यांतील कित्येक उतरवून ठेवलेली आहेत. मॅक्फर्सनने मात्र या कुटुंबात एका व्यक्तीची भर घातली. टॉस्करची कन्या मॅल्विना ही ऑस्करची वाग्दत्त वधू. ऑस्कर मारला जातो, आणि ती आपल्या प्रियकराच्या वृद्ध पित्याजवळ राहते. त्याला दिसत नाही. म्हणून ती त्याची काठी होते, त्याच्या वीणेजवळ बसते आणि त्याच्या आठवणींची श्रोती होते. ‘क्रोमा’ या काव्यात ती ऑस्करसाठी शोक करते; ‘बेराथॉन’मध्ये तिच्याच मृत्यूचा शोक ऑसियनला करावा लागतो.

काव्यदृष्ट्या हे पात्र मॅक्फर्सनला का हवे होते, हे उघड आहे. मूळ आयरिश परंपरेत ओशीनचा श्रोता संत पॅट्रिक आहे: ख्रिस्ती संत आणि जुन्या जगाचा उरलेला शेवटचा वीर यांचा वाद, कधी कधी चांगलाच खट्याळ. ‘फिन नरकात आहे’ असे संताने म्हणावे आणि ओशीनने खवळून उठावे, अशी ती संवादगीते आहेत. मॅक्फर्सनने संताला निरोप दिला व त्या जागी एक शोकमग्न तरुणी बसविली. वाद संपला, विलाप सुरू झाला. या एका बदलाने गीतांचा रांगडा विनोद गेला, हे नुकसान थोडे नव्हे. पण त्याच बदलामुळे अश्रूंच्या शोधात असलेल्या अठराव्या शतकातील वाचकाला ती काव्ये आपली वाटली. नावाचा अर्थही मॅक्फर्सनने स्वतःच तळटीपेत देऊन ठेवला होता, म्हणजे व्युत्पत्ती आणि व्यक्ती दोन्ही एकाच हातून आल्या.

वाद लगेच पेटला. ह्यू ब्लेअरने १७६३ मध्ये काव्यांचे मंडन केले. सॅम्युएल जॉन्सनने १७७५ मधील आपल्या प्रवासवर्णनात त्यांना थोतांड ठरविले व मूळ हस्तलिखिते दाखवा असे आव्हान दिले. त्या भरात जॉन्सन आणखी पुढे गेला: गेलिकमध्ये जुनी हस्तलिखिते असणे शक्यच नाही, अशी त्याची भूमिका होती. लिझ्मोरचा ग्रंथ पाहता ती सरळ चूक होती. एका माणसाच्या लबाडीची शिक्षा संपूर्ण भाषेला देण्याचा हा प्रकार होय. मॅक्फर्सनच्या मृत्यूनंतर, १८०५ मध्ये, हायलंड सोसायटीच्या समितीने निर्णय दिला की परंपरा खरी आहे, पण प्रकाशित काव्यांशी तंतोतंत जुळणारे मूळ सापडत नाही. १८०७ साली ‘मूळ’ म्हणून छापली गेलेली गेलिक संहिता बव्हंशी इंग्रजीवरून उलट भाषांतरित केलेली होती. पुढे १९५२ मध्ये डेरिक टॉमसन यांनी मॅक्फर्सनने नेमकी कोणती गीते वापरली याचा कसून मागोवा घेतला आणि सुमारे पंधरा गीतांचा आधार दाखवून दिला. त्यांत मॅल्विना नाही.

भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला या वादाचा सूर परका वाटू नये. दिनेशचंद्र सेन यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मैमनसिंह-गीतिका’विषयी संग्राहकाचा हात कोठे संपतो व लोककंठ कोठे सुरू होतो हा प्रश्न बंगालीत दीर्घकाळ विचारला गेला. मराठी संतवाङ्मयात ‘प्रक्षिप्त’ हा शब्द तर संपादकाच्या रोजच्या वापरातला आहे. परंतु प्रक्षेप निश्चित करणे व त्याचे आयुष्य नाकारणे या दोन गोष्टी भिन्न होत. भागवत पुराणात राधेचे नाव येत नाही. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त ते येते. प्रमाणग्रंथातील त्या मौनाने राधेच्या नावाचे काही बिघडले नाही.

मॅक्फर्सनचा भारताशी आलेला संबंध मात्र वाङ्मयीन नव्हता. १७८०च्या दशकात तो अर्काटचा नवाब महंमद अली याचा लंडनमधील वकील होता, १७८० पासून पार्लमेंटचा सभासदही होता, आणि त्याचा भाऊबंद जॉन मॅक्फर्सन १७८५-८६ मध्ये कलकत्त्यास हंगामी गव्हर्नर जनरल होता. नवाबाच्या कर्जांवर एडमंड बर्कने १७८५ मध्ये केलेले भाषण प्रसिद्ध आहे. ऑसियनच्या गायकाने किंगुसीजवळ बांधलेल्या टोलेजंग वाड्यामागे या वकिलीची कमाई होती. १७९६ मध्ये तो वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरला गेला. तेथेच जॉन्सनचीही समाधी आहे.

इकडे नाव युरोपभर निघाले होते. चेझारोत्तीचे इटालियन भाषांतर १७६३ मध्ये निघाले, व्हिएन्नाच्या डेनिसचे जर्मन १७६८-६९ मध्ये, ल तुर्नरचे फ्रेंच १७७७ मध्ये, कोस्त्रोव्हचे रशियन १७९२ मध्ये. गटेने १७७४च्या ‘वेर्टर’मध्ये नायकाच्या तोंडी ऑसियनच दिला. हीच पिढी १७९१ नंतर फोर्स्टरच्या भाषांतरातून ‘शाकुंतल’ वाचून भारावली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दूरच्या भाषांतील आदिम निरागसतेचा शोध दोहींकडे सारखाच होता. नेपोलियन चेझारोत्तीचा भक्त होता. त्याचा सेनानी बर्नादोत याच्या मुलाला १७९९ मध्ये ‘ऑस्कर’ हे नाव मिळाले. बाप पुढे स्वीडनचा राजा झाल्यामुळे हे नाव राजघराण्याचे झाले आणि तेथून सर्वत्र पसरले. फिंगलच्या प्रासादाचे नाव ‘सेल्मा’; ते स्वीडनमध्ये मुलींचे नाव म्हणून रुजले आणि सेल्मा लागरलॉफ यांच्या रूपाने १९०९ साली नोबेल पारितोषिकापर्यंत पोहोचले. वाड्याचे नाव माणसाला लागले, तर माणसाचे नाव माणसाला लागण्यास कोणती हरकत?

मॅल्विनेला राजा भेटला नाही. तिला कादंबऱ्या भेटल्या. फ्रान्समध्ये मादाम कोत्तँ यांची ‘मॅल्विना’ १८००च्या सुमारास आली व फार खपली. रशियात ती इतकी सर्वत्र गेली की पूश्किनच्या ‘येव्गेनी अन्येगिन’च्या पाचव्या सर्गात फेरीवाला तात्यानाला स्वप्नफलाचा ग्रंथ विकतो तेव्हा ‘मॅल्विना’चे सुटे भागही त्याच सौद्यात देऊन टाकतो. पोलंडमध्ये मारिया विर्तेंबेर्स्का यांनी १८१६ मध्ये ‘मॅल्विना, अथवा हृदयाची जाण’ ही कादंबरी लिहिली, जी पोलिश भावकादंबरीची सुरुवात मानली जाते. पोलंडमध्ये हे नाव टिकले त्याला आणखी एक कारण असावे. पोलिशमध्ये ‘माल्वा’ हे अंगणात फुलणाऱ्या एका उंच फुलझाडाचे नाव आहे. स्कॉटलंडचा कवी विसरला गेला तरी फूल दारातच होते, आणि ऐकणाऱ्याला अर्थासाठी दूर जावे लागत नव्हते. लोकव्युत्पत्ती खोटी असते, पण ती नावाला पाणी घालते.

कोपनहेगनमध्ये १८२५ साली जन्मलेली गायिका मॅल्विना गारिग, विवाहानंतरची श्नोर फॉन कारोल्सफेल्ड, हिने १८६५ मध्ये म्यूनिक येथे वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’मधील पहिली इझोल्ड साकार केली. केल्टिक कथेतील नायिकेला मॅक्फर्सनने घडविलेल्या नावाच्या बाईचा आवाज मिळाला! मध्य युरोपातील ज्यू कुटुंबांतही हे नाव बरेच चालले. घरातले हिब्रू नाव ‘मल्का’ म्हणजे राणी, आणि चारचौघांत वापरायचे नाव त्याच आद्याक्षराचे ‘मॅल्विना’, अशी जोडी जमत असे. १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोत ज्यू स्थलांतरितांच्या घरी जन्मलेल्या गीतकार मॅल्विना रेनॉल्ड्स यांचे एकसारख्या घरांवरील उपरोधिक गीत १९६२ मधले.

शिल्पकार मॅल्विना हॉफमन (१८८५-१९६६) यांच्यामुळे हे नाव भारतापर्यंतही आले. शिकागोच्या फील्ड संग्रहालयासाठी जगभरच्या ‘मानववंशां’ची शंभराहून अधिक शिल्पे करण्याचे काम त्यांना १९३० मध्ये मिळाले; त्यासाठी त्यांनी केलेल्या प्रवासात भारत होता, आणि १९३३ मध्ये खुल्या झालेल्या दालनात ताडावर चढणारा तमिळ पुरुषही होता. वंशभेदाची ती कल्पना पुढे शास्त्राने त्याज्य ठरविली व दालन १९६०च्या दशकाच्या अखेरीस मोडण्यात आले. २०१६ मध्ये काही शिल्पे त्यांच्या इतिहासासह पुन्हा मांडली गेली.

रशियात नावाची गती निराळी झाली. अलेक्सेय तलस्तोय यांच्या १९३६च्या ‘सोन्याची किल्ली’ या बालकथेत निळ्या केसांच्या, नीटनेटक्या, सतत शिकविणाऱ्या बाहुलीचे नाव मॅल्विना आहे. भावविवश कादंबऱ्यांनी नावाला जो नखरेलपणा आणला होता त्याचीच ही थट्टा होय. त्यानंतर रशियन कानाला मॅल्विना म्हटले की ऑस्करची विरहिणी नव्हे, निळे केस आठवतात.

दक्षिण अटलांटिकमधील ‘माल्विनास’ बेटांशी या नावाचा काही संबंध नाही. १७६४ मध्ये बूगँव्हिलने तेथे वसाहत केली. सँ-मालो बंदराच्या खलाशांवरून फ्रेंचांनी बेटांना ‘मालुईन’ म्हटले व स्पॅनिशमध्ये त्याचे ‘माल्विनास’ झाले. १९८२च्या युद्धानंतर मात्र अर्जेंटिनात हे स्त्रीनाम उच्चारताना बेटे मनात येऊ न देणे कठीण झाले असणार.

ज्या मुलखातून मॅल्विना आली असे समजले जाते, त्या स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात ती कधी फारशी रुजली नाही. तेथे थोरल्या मुलाला पितृपक्षाच्या आजोबांचे, मुलींना आजी-आत्यांचे नाव देण्याची रूढी होती. बाहेरच्या नावाला घरात शिरण्यास जागाच थोडी. जी अल्प जागा मिळाली ती दुसऱ्याच वाटेने. त्या भागात पुरुषनामाला ‘-इना’ जोडून मुलीचे नाव करण्याची पद्धत आहे: मर्डो या आजोबांवरून मर्डिना, ह्यूवरून ह्यूइना, डोनाल्डवरून डोनाल्डिना. अशा नावांच्या पंगतीत बसलेली मॅल्विना कोणाला उपरी वाटत नाही. तिच्या भाळाची चौकशी न करता, तीही कोणा आजोबांचीच नात असावी, असे तेथे सहज धरून चालता येते.