मोटारीतील जुन्या टेपास नवा आवाज

आमच्या कारेलीबागेतील घरी तीर्थरूपांच्या वेळची मारुती 800 अद्याप चालती आहे. तिच्यातील टेपही चालतो; झिजल्या त्या कॅसेटी. त्यांतील एकीत तीर्थरूपांनी धान्याची पारख बोलून ठेवली आहे: गहू दाताखाली कट्‌कन फुटला तर कोरडा, चेपला तर ओला. मागे हातीखान्याकडे जाताना तिची फीत टेपात गुरफटली, तेव्हा आमच्या पोटात गोळाच आला. फीत सुटली, पण ती पुन्हा मोटारीत लावावयाची नाही, असे आम्ही ठरविले.

नवा टेप बसविणे सोपे होते. परंतु जुन्याचा आवाज खणखणीत असता तो काढावा कशास? ज्यातून आवाज येतो ते साधनच तेवढे बदलावे, हा आमचा विचार.

प्रथम घरच्या टेपावरून कॅसेटी संगणकात उतरविल्या. एका तासाची पूर्ण प्रत सुमारे 600 मेगाबाइट होते, तीच दाबून 128 किलोबिटची केल्यास 58 मेगाबाइटच्या आत बसते. पूर्ण प्रत घरी ठेवली, लहान मोटारीत. वाजविण्यास रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या पानाएवढा संगणक घेतला. त्याचा 2016 साली निघालेला तिसरा प्रकार आम्ही निवडला, कारण हेडफोनची तार लावण्याची सोय त्यात मुळातच आहे.

ही तार जुन्या टेपास जोडावयाची कशी? त्यासाठी कॅसेटच्याच आकाराची एक खोटी कॅसेट मिळते. तीत फीत नसते. टेपाचे हेड फितीवरील चुंबकीय चढउतार वाचते. तसेच चढउतार या कॅसेटमधील चिमुकले वेटोळे त्याच्यासमोर निर्माण करते. दोहोंत तारेचा सांधा नसल्याने इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी कुईकुईही बहुधा टळते. मात्र आपोआप बाजू उलटणारे काही टेप हिला बाहेर ढकलतात.

खरी काळजी विजेची. इंजिन चालू असता मोटारीत 14 व्होल्टच्या आसपास दाब असतो. या संगणकास हवा 5 व्होल्ट आणि अडीच अँपिअरपर्यंत प्रवाह. म्हणून मध्ये दाब उतरविणारे यंत्र व त्याच्याही आधी फ्यूज हवाच. टेपामागे बहुधा पिवळी तार सदैव जिवंत असते, लाल किल्लीबरोबर जागी होते, काळी जमिनीची. जुन्या मोटारीत मात्र रंगावर विश्वास ठेवू नये, मीटर लावून पाहावे. आम्ही हौसेने पिवळीस जोडले, चार दिवस परगावी गेलो आणि परतल्यावर पेढीवरील हमालांनी मोटार ढकलली! आता जोडणी लाल तारेवर आहे.

पण किल्ली फिरविताच वीज एकदम तुटते, आणि त्या क्षणी कार्डावर काही लिहिले जात असल्यास ते बिघडते. म्हणून कार्ड केवळ वाचण्यापुरतेच खुले ठेवले. पॉवर बँक आम्ही मोटारीत ठेवीत नाही. वैशाखातील बंद मोटारीची धग लिथियमच्या बॅटरीस सोसत नाही.

पडदा बसविला नाही, कारण चालविताना नजर रस्त्यावरच हवी. पुढच्या ध्वनिफितीसाठी एकच बटण आहे. नातू शेजारी बसला की तेच दाबीत पणजोबांपर्यंत येतो. डाळीची पारख सुरू झाली की आवाज थोडा वाढवावा लागतो. मूळ कॅसेटमध्येच तेथे हातीखान्यातील गलका फार आहे.